जुन्या गोव्यात गेलात तर हा दरवाजा चुकवू नका

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या दारातच माझे पाय खिळले! फ्रान्सिस्कन साधू गोव्यात आले १५१७ मध्ये. आजची जांभ्याची इमारत १६६१ ची, पण दरवाजा आधीच्या चर्चचा, पोर्तुगीज मानुएलिन शैलीतला. त्यावर दर्यावर्दींचे आकाशगोल कोरलेत. सगळ्या इमारतीत मला तो दरवाजाच जास्त आवडला. आत वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर रंगवलेलं संत फ्रान्सिसचं चरित्र. आणि हो, खाली बघून चाला, फरशीत घराण्यांची चिन्हं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. लगतच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. बहुतेक जण समोरचं बॉम जीझस चर्च बघून परत फिरतात. तुम्ही तेवढा रस्ता ओलांडाच.