माड, पाडेली आणि आपण

मृग नक्षत्र जवळ आलें कीं कोंकणांत घरोघरीं माड साफ करून घेण्याची घाई सुरू होते. वाळकी झावळी कौलांवर पडूं नये, सुटलेला नारळ कोणाच्या डोक्यांत बसूं नये, हा त्यांतील हेतु. पाडेली येतो, कोयता कमरेस अडकवितो आणि पाहतां पाहतां पन्नास फुटांवर जाऊन पोहोंचतो. अंगणांत उभे राहून आपण त्याच्या चपळाईचें कौतुक करतों; परंतु तो पडला तर पहिल्या पांच मिनिटांत आपण काय करणार, हा विचार आपल्या मनास क्वचितच शिवतो.

पायांत दोरीचें कडें आणि हातांची पकड, एवढ्याच आधारावर हें काम पिढ्यान् पिढ्या चालत आलें. हात सुटला कीं सारेंच सुटलें! केरळांत निघालेलें व चेंबेरी गांवच्या जोसेफ यांच्या नांवानें ओळखलें जाणारें यंत्र आतां पुष्कळांच्या परिचयाचें आहे. त्याच्या दोन लोखंडी चौकटींस खोडाभोवतीं वळसा घेणारे तारेचे दोर असतात. एकीवर भार पडला कीं तिचा दोर आवळतो. तेवढ्यांत दुसरी वर सरकवावयाची. नारळ विकास मंडळानें २०११ सालीं ‘नारळवृक्षाचे मित्र’ ही योजना काढून तरुणांस अशा यंत्राचें शिक्षण देण्यास आरंभ केला.

मात्र यंत्र असलें तरी सुरक्षापट्टा हवाच. तो छाती व मांड्या या दोहोंस धरणारा असावा. नुसता कमरपट्टा पडतेवेळीं पोटास आवळतो. पट्ट्याचा दोर खोडाभोवतीं घ्यावा, झावळीच्या देठास कधींही बांधूं नये. आंब्यासारख्या झाडाची फांदी करवतीनें कापावयाची असल्यास दुसरा, पोटांत तार असलेला दोर घ्यावा. कारण साधा दोर करवतीनें क्षणांत तुटतो. हनुवटीखालीं पट्टा बांधलेलें शिरस्त्राण आणि चढूं जाणणारा दुसरा मनुष्य खालीं हजर, या दोन गोष्टीही तितक्याच आवश्यक होत.

आतां प्रसंग ओढवलाच तर? महाराष्ट्रांत व गोव्यांत १०८ या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पडलेल्यास बसविणें, काखेंत हात घालून उचलणें, तोंडांत पाणी ओतणें हीं तिन्ही प्रेमानें केलेलीं पण घातक कृत्यें होत. पाठीचा कणा मोडला असल्यास हलविल्यानें जन्माचें पांगळेपण येऊं शकतें. त्याचें डोकें आहे तसेंच दोन्ही हातांनीं स्थिर धरावें. श्वास बंद असेल तर मात्र वाट न पाहतां छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं, दोन इंच खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां दाब द्यावा.

कोयत्याच्या जखमेंत हळद, चुना वा चहाची पूड भरूं नये. स्वच्छ कापड ठेवून जोरानें दाबून धरावें व थांबलें कीं नाहीं हें पाहण्यास वारंवार उचलूं नये. हातापायांतून रक्त उसळतच राहिलें, तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर रुंद पट्टी बांधून काठीनें पिळावी आणि वेळ लिहून ठेवावी. पट्ट्यांत लोंबकळत निश्चेष्ट झालेल्यास शक्य तितक्या लवकर उतरवून आडवें निजवावें; पाय लोंबत राहिल्यानें रक्त खालीं सांचतें. झावळी विजेच्या तारेस लागली असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊं नये, काठीनेंही ढोसूं नये.

पाडेली म्हणेल, “जन्म गेला माडांवर, आजवर कांहीं झालें नाहीं.” त्याचें कौशल्य खरें, पण ओलें खोड आणि गांधीलमाशीचें पोळें कौशल्य ओळखीत नाहीं. म्हणून मजुरी ठरविण्यापूर्वीं गृहस्थानें वा गृहिणीनें एकच प्रश्न विचारावा, “पट्टा आणला आहे काय?” नसेल तर तो आणवावा, लागल्यास आपल्या खर्चानें घ्यावा, तोंवर माड थांबेल. नारळ आज ना उद्यां उतरतील. वर गेलेला मनुष्य मात्र सुखरूप उतरला पाहिजे, कारण त्याच्याही घरीं कोणी वाट पाहत असतें.