शून्य किमतीची लुगडी

आईच्या निधनाला वर्ष झाल्यावर आम्ही तिचे लाकडी कपाट उघडले. त्यात नऊ इरकली लुगडी, चार सुती साड्या, एक शालू आणि वडिलांची पाच धोतरे निघाली. लुगड्यांचे काठ शाबूत होते. मधले कापड मात्र उजेडापुढे धरले असता पलीकडची खिडकी दिसावी इतके विरलेले होते. नेसण्याजोगे त्यांतले एकही नव्हते. सुनेने विचारले, "बाबा, कुणाला देऊन टाकायची का?" प्रश्न साधा होता, परंतु जे आपण अंगावर घेणार नाही ते दुसऱ्याच्या हाती देऊन दानाचे समाधान मिळवणे मला रुचेना. फाटके कापड देणे हे दान नव्हे, ते केवळ कपाट बदलणे होय.

आईने एवढे कापड साठू दिले याचेच मला नवल वाटले. तिच्या उमेदीच्या काळात कापडाला अशी विश्रांती नसे. लुगडे मध्यावर विरले की तेवढा भाग काढून दोन्हीकडचे धड तुकडे जोडायचे. त्यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे घरकामात आणखी वर्ष-दोन वर्षे चाले. पुढे त्याचे बाळासाठी दुपटे होई, उशीचा अभ्रा होई. उरलेले गोधडीच्या पोटात जाई. गोधडी फाटली की तिच्यातून पोतेरी, मसोती आणि माठाखालची चुंबळ निघे. काठ वेगळे उसवून पिशवीचे बंद किंवा पोथीच्या वेष्टनाच्या नाड्या होत. यातूनही जे सुटे ते बोहारणीकडे. ती कापड दोन बोटांच्या चिमटीत धरी आणि त्यावरून पातेले द्यायचे की वाटी, हे ठरवी. पुढे नोकरीत तारण मालाचे मूल्यांकन करणारे पुष्कळ लोक पाहिले. तिच्याइतक्या खात्रीने भाव सांगणारा विरळाच.

एक गोष्ट मात्र आई जुन्या कापडाची कधीच करीत नसे, ती म्हणजे पाणी गाळण्याचे फडके. ते जाड, घट्ट विणीचे आणि दुहेरीच हवे. विरलेल्या धोतरातून गाळलेले पाणी तिच्या लेखी न गाळलेलेच. जुन्याचे काय होते यापेक्षा काय होत नाही, हे तिला अधिक नेमके ठाऊक होते.

परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य यांच्या पंक्तीला 'कुप्य' असा एक शब्द येतो. आचार्य पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी' टीकेत त्याचा अर्थ सुती, रेशमी इत्यादी वस्त्रे असा लावला आहे. अन्यत्र घरातील किरकोळ सामानसुमान असाही घेतात. सोन्याची आणि जमिनीची मर्यादा घालणारे श्रावक मला ठाऊक आहेत. कुप्याची मर्यादा मोजून पाळणारा क्वचितच भेटला, आणि त्या क्वचितांत मी नाही. साधूंच्या पाच समितींतील शेवटची समिती तर टाकून देण्यासंबंधीच आहे: टाकायची वस्तूदेखील निर्जंतुक जागा पाहून, यत्नपूर्वक टाकायची. आपण गृहस्थ त्या नियमाने बांधलेले नाही, हे खरे. तथापि उकिरड्यावर कुजणारे ओले कापड, त्यात होणारी जीवोत्पत्ती आणि शेवटी कोणीतरी लावलेली काडी हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेले आहे. शिवाय जगाच्या सरासरीने एक किलो सुती कापडामागे कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत सुमारे 10,000 लिटर पाणी लागते असे मानतात. पाणी उकळून, मोजून वापरणाऱ्या आपल्या घरांत हा आकडा कपाटाच्या दारावर लावण्यासारखा आहे.

तरीही त्या लुगड्यांपुढे उभा असताना मला आठवला तो सिद्धान्त नव्हे, तर माझाच एक जुना शेरा.

पंचवीस वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एका सरकारी योजनेतून दहा महिलांच्या गटाने कर्जासाठी अर्ज केला. व्यवसाय : गोधड्या शिवणे. कच्चा माल : जुनी लुगडी. नियमानुसार कच्च्या मालाचे दरपत्रक आणि पावती आवश्यक होती. मी ती मागितली. गटप्रमुख बाई म्हणाल्या, "साहेब, जुन्या लुगड्याची पावती कोण देणार?" मी हसलो नाही, रागावलोही नाही, अर्जावर कच्च्या मालाच्या रकान्यात 'मूल्य : शून्य' असे लिहिले आणि शून्य मूल्याच्या मालावर कर्ज देता येत नाही, हे त्यांना समजावून सांगितले. ताग्याचे नवे कापड घेतल्यास पावती मिळेल, अशी वाटही मीच दाखवली.

त्यांनी तसे केले. 15,000 रुपयांच्या कर्जातून नवे सुती कापड आणि दोरा आला, चाळीस गोधड्या झाल्या. दर गोधडीला साडेतीनशे रुपये नुसते कापडाचेच. त्या गोधड्या दिसायला देखण्या, पण अंगावर ताठ. पहिल्या धुण्यात नव्या कापडाचे थर कमीजास्त आटले, टाके ओढले गेले आणि साऱ्या गोधडीला चुण्या पडल्या. अकरा विकल्या गेल्या. एकोणतीस त्या बायकांच्या घरातच राहिल्या. कर्जाचे हप्ते मात्र एकही चुकला नाही. ते खुरपणीच्या आणि कांदाकाढणीच्या मजुरीतून भरले गेले, हे मला बदलीच्या वेळी कळले. माझ्या वहीत ते खाते उत्तम वसुलीचे म्हणून नोंदले गेले होते.

गोधडीला जुनेच कापड का लागते, हे त्या बायकांना शिकवण्याची गरज नव्हती. शिकायचे होते ते मला. शेकडो धुण्यांनी सुती कापडातील खळ निघून जाते, जेवढे आटायचे तेवढे ते आटून चुकते, सूत मऊ पडते आणि घाम शोषते. असे पाच-सहा थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालीत गेले की थरांमध्ये हवा अडकते व ऊब टिकते. पॉलिस्टरच्या साडीत यातले काहीच होत नाही. तिचे थर टाक्याखाली घसरतात, घाम शोषत नाहीत, विस्तवाजवळ वितळतात. आजच्या कपाटांत अशाच साड्या अधिक, त्यामुळे पुढच्या पिढीची गोधडी कशाची होणार हा प्रश्नच आहे. तेव्हा कपडे निवडताना पहिली वाटणी नवे-जुने अशी न करता सुती आणि कृत्रिम अशी करावी. कृत्रिम धाग्याच्या पट्ट्या वेणीसारख्या गुंफून पायपुसणी बऱ्यापैकी होतात. जाड पँटच्या कापडाच्या भाजीच्या पिशव्या दहा वर्षे टिकतात.

बंगालची कांथा, बिहारची सुजनी ही याच कुळातील कामे. जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत दोरे उपसून कांथेवर नक्षी भरली जाई. कलेतिहासकार स्टेला क्रॅमरिश यांनी जमवलेल्या अशा कांथा आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. माझ्या रकान्यात त्यांच्याही कापडाचे मूल्य शून्यच आले असते. घसारा वजा करीत गेले की पुस्तकी किंमत संपते, हे वाणिज्य शाखेने मला शिकवले. त्या कापडावर नंतर पडणाऱ्या हाताच्या श्रमाचा रकाना कोठे उघडायचा, हे नाही.

आईच्या लुगड्यांच्या गोधड्या करायचे ठरवले तेव्हा आमच्याकडे पूर्वी कामाला येणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी सहा लुगडी निवडली, तीन बाजूला काढली ("ही टाका धरणार नाहीत, भाऊ"), धोतरे आतल्या थरांना घेतली. मजुरी 1,800 रुपये सांगितली. कापड आपले, मग मजुरी एवढी कशाची, असे म्हणत मी ती 1,500 वर आणली. व्यापारी घरातला जन्म आणि बँकेतली छत्तीस वर्षे. घासाघीस आपोआप होते.

गोधडी घेण्यास गेलो तेव्हा सहज विचारले, किती दिवस लागले? अठरा दिवस, दुपारचे चार तास. घरी येऊन मी कागदावर मांडले : 72 तास, 1,500 रुपये, म्हणजे तासाला एकवीस रुपयेही नाहीत. मागितलेले 1,800 दिले असते तरी ताशी पंचवीसच. आमच्या दुकानातील हमालास कोणी हा दर सांगण्याचे धाडस करणार नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ताशी साठ या दराने उरलेले 2,820 रुपये दिले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि विचारले, "आणखी किती शिवायच्या आहेत?" त्या रकमेस त्यांनी आगाऊ मजुरी समजले होते. नाही, हे झालेल्या कामाचेच, असे सांगण्यास मला बराच वेळ लागला, कारण आधी घासाघीस मीच केली होती.

आपल्यापैकी ज्यांची कापडाची दुकाने आहेत त्यांच्याकडे हंगाम संपल्यावर नमुन्याच्या कापडांचे गठ्ठे आणि कटपीसचे तुकडे पडून असतात. ते चिंधीवाल्याला किलोच्या भावाने जातात. ठिगळकामाच्या गोधड्या, आसने, सामायिकाची बैठक यांसाठी हे तुकडे उत्तम. फक्त धुऊन, आटवून द्यावेत. असे काम एखाद्या महिला मंडळाने हाती घेतले तर आनंदच आहे. मात्र विक्रीच्या टेबलावर किंमत लिहिताना 'कापड फुकट मिळाले' या वाक्याने सुरुवात करू नये. आणि गोधडी होतेच आहे म्हणून साडी घेण्यास हरकत नाही, हा युक्तिवादही घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर कुप्याच्या मर्यादेपाशी आहे, सुईपाशी नाही.

पहिली गोधडी नातवाकडे गेली. तिच्या एका कोपऱ्यात आईच्या लुगड्याचा लाल काठ तसाच ठेवला आहे. दुसरी शिवून होत आहे, या वेळी दर आधी ठरवून. टाका न धरणाऱ्या तीन लुगड्यांची फडकी आणि एक चुंबळ झाली. शालू तेवढा कपाटात आहे. आम्ही रेशीम घेणे सोडून तीस वर्षे झाली. पण आजीने आईला दिलेल्या त्या शालूचे काय करावे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.