पक्के तिकीट असूनही विमानात प्रवेश नाकारल्यास प्रवाशाचे हक्क

प्रवासी वेळेत विमानतळावर पोहोचला आहे, तिकीट पक्के आहे, ओळखपत्रही जवळ आहे. तरीही काउंटरवरील कर्मचारी सांगतो, विमान भरले आहे, आपली व्यवस्था पुढच्या विमानात करू. असा प्रसंग ओढवला की बहुतेक प्रवासी थोडी वादावादी करतात आणि मिळेल त्या विमानाने निघून जातात. या गैरसोयीची नुकसानभरपाई नियमानेच ठरवून दिलेली आहे आणि ती जागेवरच मागता येते, याची अनेकांना कल्पना नसते.

तिकीट काढलेल्यांपैकी काही प्रवासी ऐन वेळी येत नाहीत. विमान एकदा उडाले की रिकाम्या आसनाला काहीच मोल उरत नाही. म्हणून विमान कंपन्या उपलब्ध आसनांपेक्षा थोडी अधिक तिकिटे विकतात. या प्रथेला ओव्हरबुकिंग म्हणतात. भारतात ती बेकायदा नाही. मात्र कंपनीचा अंदाज चुकला तर त्याची किंमत कंपनीने मोजावी, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या, नियमाचे सूत्र आहे. हा नियम ऑगस्ट २०१० मध्ये लागू झाला. त्या वेळी भरपाईची कमाल मर्यादा अवघी ४,००० रुपये होती. ऑगस्ट २०१६ पासून ती २०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

नियमानुसार कंपनीने सर्वप्रथम स्वेच्छेने जागा सोडणाऱ्या प्रवाशांचा शोध घ्यावयाचा असतो आणि त्यांना त्या बदल्यात काही लाभ देऊ करावयाचा असतो. या कल्पनेला अमेरिकेतील इतिहास आहे. ज्यांना घाई नाही त्यांना मोबदला देऊन थांबवा, म्हणजे कोणावरच सक्ती करावी लागणार नाही, असे अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी सुचविले होते. विमान कंपन्यांनी प्रारंभी ती सूचना उडवून लावली; परंतु १९७८ मध्ये तेथील नियामक मंडळाने ती स्वीकारली. भारतीय नियमातही हीच पायरी पहिली आहे. अशी विचारणा न करताच एखाद्याला मागे ठेवले जात असेल, तर त्याने तसे विचारण्यास कोणताही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

स्वेच्छेने कोणी तयार झाले नाही आणि प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध प्रवेश नाकारला गेला, तर पुढील हिशेब लागू होतो. मूळ उड्डाणाच्या नियोजित वेळेपासून एका तासाच्या आत निघणारे पर्यायी विमान कंपनीने दिले, तर भरपाई नाही. पर्यायी विमान २४ तासांच्या आत निघणार असेल, तर एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. २४ तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. पर्यायी विमान नकोच असे प्रवाशाने ठरविले, तर तिकिटाची संपूर्ण रक्कम परत आणि शिवाय ४०० टक्के भरपाई, कमाल २०,००० रुपये.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी लागते. टक्केवारी तिकिटाच्या एकूण रकमेवर नसून मूळ भाडे आणि इंधन आकार यांवर काढली जाते. समजा, तिकीट ६,२०० रुपयांचे आहे आणि त्यात मूळ भाडे व इंधन आकार मिळून ४,५०० रुपये आहेत. पाच तासांनी निघणाऱ्या विमानात जागा दिली तर ९,००० रुपये देय होतात. दुसऱ्या दिवशी ३० तासांनी निघणाऱ्या विमानात दिली तर १८,००० रुपये. तिकिटावरील भाड्याचा तपशील त्यामुळे जपून ठेवावा. भरपाईऐवजी पुढील प्रवासाचे व्हाउचर देऊ केल्यास ते स्वीकारणे प्रवाशाच्या संमतीवर अवलंबून असते.

या साऱ्या हक्कांना एक अट आहे: प्रवासी कंपनीने ठरविलेल्या वेळेत हजर झालेला असला पाहिजे. वादाचे खरे मूळ येथेच असते. कागदोपत्री 'प्रवेश नाकारला' अशी नोंद झाली तर भरपाई मिळते. 'प्रवासी उशिरा आला' अशी नोंद झाली तर एक रुपयाही मिळत नाही. बोर्डिंग पास हाती आला म्हणजे काम झाले असेही नाही. कोलकात्याहून आगरतळ्याला जाणाऱ्या, बोर्डिंग पास घेऊनही दारापाशी वेळेत न पोहोचलेल्या प्रवाशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये विमान कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पास दिल्यानंतर वेळेत दारापाशी पोहोचण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणूनच वेळेचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. टॅक्सीची पावती, काउंटरवर उभे असतानाच कंपनीला पाठविलेला ई-मेल, अशा साध्या गोष्टी पुढे उपयोगी पडतात. प्रवेश का नाकारला, याचे कारण लेखी मागावे. कर्मचारी ते देत नसेल, तर त्याचे नाव आणि संभाषणाची वेळ टिपून ठेवावी.

नियम असूनही तो पाळला जातोच असे नाही. वेळेत आलेल्या, पक्के तिकीट असलेल्या प्रवाशांना विविध कंपन्या प्रवेश नाकारत असल्याचे डीजीसीएने मे २०२२ मध्ये स्वतःच नमूद केले. पुढच्याच महिन्यात बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली येथील तपासणीनंतर एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड करण्यात आला. भरपाई देण्याबाबत कंपनीचे काही धोरणच नसल्याचे आढळले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवासी सुविधांच्या नियमांवरून याच कंपनीला पुन्हा तेवढाच दंड झाला. दंडाची रक्कम प्रवाशाच्या खिशात जात नाही, हे सांगणे न लगे.

प्रवेश नाकारण्याचा आणखी एक प्रकार ओव्हरबुकिंगशी संबंधित नाही. ७ मे २०२२ रोजी रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. डीजीसीएने कंपनीला ५ लाख रुपयांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलला. दिव्यांगत्वाच्या कारणावरून आता प्रवेश नाकारता येत नाही. प्रवासात प्रकृती बिघडेल अशी शंका आल्यास विमानतळावरील डॉक्टरकडून तपासणी करून त्याचे स्पष्ट मत घेणे कंपनीवर बंधनकारक आहे.

युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला तेथील २००४ चा नियम लागू होतो, मग विमान भारतीय कंपनीचे का असेना. तेथील भरपाई अंतरानुसार २५० ते ६०० युरो आहे.

भारतात तक्रार आधी कंपनीकडे, दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा या सेवेकडे करता येते. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने येथे मोठी सोय केली आहे. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले तरी नागपूरच्या किंवा बडोद्याच्या प्रवाशाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि ती ऑनलाइनही करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल व्हावी लागते.