पाळणा लांबवायचाय, पण कसा?

मी उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणाच्या दिवशी बाळ कडेवर घेऊन आलेल्या सुना हळूच विचारतात, ‘सिस्टर, तांबी वर पोटात चढते का हो?’ मी तांबी त्यांच्या तळहातावर ठेवते. जेमतेम सव्वा इंचाची, इंग्रजी टी आकाराची. ती गर्भाशयातच राहते, वर पोटात चढत नाही. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव, कळा वाढू शकतात. हे मी आधीच सांगते, नाहीतर बाई घाबरून काढून घेते.

दुसरं साधन ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन, दर ३ महिन्यांनी. पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. पाळी थांबली तरी रक्त अंगात साचत नाही. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात. दोन्ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. तांबी वापरणाऱ्या जेमतेम २.१ टक्के. पण बायकांना दोन बाळांत अंतर हवंच असतं. त्यांना खरी माहिती द्या, सासू-नवऱ्यालाही समजावा. निर्णय मात्र त्या बाईचाच असू द्या.