चक्कर मारायची की द्यायची?

सप्टेंबर २०२३ मध्ये हवाई दलाचे पहिले सी-२९५ विमान स्पेनमधल्या सेव्हिल शहरातून निघून बडोद्याला उतरले. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी बडोद्यातल्या टाटांच्या विमान कारखान्याचे उद्घाटन केले. एकूण ५६ विमानांचा करार. त्यातली १६ सेव्हिलहून तयार यायची आणि ४० बडोद्यात बांधायची, अशी ती योजना. हवाई दलाची माणसे प्रशिक्षणासाठी आधीच सेव्हिलला जाऊन आली होती. कारखान्यात इंग्रजीवर भागते. पण काम संपल्यावर समोरचा माणूस 'चल, येतोस का?' म्हणतो, ते त्याच्याच भाषेत असते.

माझी मावसबहीण बडोद्यात दिलेली. तिचा मुलगा तिथे इंजिनिअरिंगला आहे आणि गेल्या वर्षापासून घरबसल्या स्पॅनिश शिकतो. घर मराठी, गल्ली गुजराती, कॉलेज इंग्रजी. शिवाय बहिणीचे माहेर आपल्या भागातले, त्यामुळे आजीशी फोनवर बोलणे कानडीत. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, २०१८ साली ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले. तरीही बहिणीला काळजी होती. "मुलाच्या डोक्यात किती भाषांचा काला करायचा? कानडी तरी बंद करावी म्हणते," असे ती मला म्हणाली. आपल्याकडेही अनेक घरांत हेच चालते. इंग्रजी पक्की व्हावी म्हणून आधी कानडी जाते, मग मराठी स्वयंपाकघरापुरती उरते.

आता त्या मुलाचे काय झाले ते ऐका. 'संध्याकाळी काय केलेस?' असे शिक्षिकेने विचारले. हा रोज कमाटी बागेत फिरायला जातो. (सरकारी नाव सयाजी बाग, पण बडोदेकर तसे क्वचितच म्हणतात.) त्याने इंग्रजी वाक्य मनात धरून एकेका शब्दाला स्पॅनिश शब्द लावला आणि 'वॉक'साठी 'कामिनाता' घातला. शिक्षिका म्हणाली, "अरे वा! किती तासांची?" कामिनाता म्हणजे लांबची पायपीट. पावागड चढून आला असता तर शोभला असता तो शब्द!

रोजच्या बोलण्यात स्पॅनिश माणूस म्हणतो, 'दार उना बुएल्ता'. दार म्हणजे देणे, उना म्हणजे एक, बुएल्ता म्हणजे फेरा, वळसा. (लिहिताना व्ही, उच्चार मात्र ब.) म्हणजे 'एक चक्कर देणे'. पायी असो, सायकलवर असो, गाडीतून असो, चालते. जरा निवांत, नुसते पायी फिरणे असेल तर 'दार उन पासेओ'. पासेओ हा शब्द रस्त्यांच्या नावांतही आहे. सेव्हिलमध्ये नदीकाठी कोलंबसाच्या नावाचा पासेओ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे लोक उन्हे उतरल्यावरच बाहेर पडतात. मे महिन्यातल्या बडोदेकराला हे वेगळे सांगायला नको.

आम्ही फोनवर बसून चार भाषा शेजारी शेजारी मांडल्या. मराठीत आपण चक्कर मारतो, फार तर टाकतो. गुजराती माणूस 'आंटो मारी आवीए' म्हणतो. कानडीत आजी म्हणते, 'अड्डाडि बरूणु', आणि तरुण पोरे 'राउंड होडकोंड बरोण'. म्हणजे आपण तिघेही मारणारे, होडियोदु काय नि मारणे काय! गप्पासुद्धा आपण मारतोच, कानडीत हरटीही होडीतात. स्पॅनिश माणूस तेवढा देणारा निघाला. पण तोही सगळे देत नाही. दुपारची डुलकी तो 'टाकतो': एचार उना सिएस्ता. पत्त्यांचा डावही तसाच टाकतो.

गंमत पुढेच आहे. 'मारून येऊ', 'मारी आवीए', 'अड्डाडि बरूणु' या तिन्हींच्या शेवटी 'येणे' आहे. आपल्याकडे घरातून निघताना नुसते 'जातो' म्हणवत नाही, परतीचे आश्वासन क्रियापदातच असते. स्पॅनिश माणूस बिनधास्त म्हणतो, 'बामोस आ दार उना बुएल्ता', म्हणजे 'चक्कर द्यायला जाऊ'. मग परतणे कुठे गेले? ते बुएल्ता या नामातच बसले आहे. परत येणे या अर्थाचे त्यांचे क्रियापद 'बोल्बेर', बुएल्ता त्याच घरातला. जाण्या-येण्याच्या तिकिटाला ते 'ईदा इ बुएल्ता' म्हणतात. हे मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "मावशी, इंग्रजीतून हे दिसलंच नसतं गं." मला वाटते, त्याचे खरे आहे. इंग्रजीत तो फक्त 'गो' आणि 'वॉक' शोधत होता. मारणे, टाकणे, येणे यांच्या तऱ्हा त्याला घरातल्या भाषांनी आधीच शिकवल्या होत्या, त्याही व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय.

आणखी एक. डोके गरगरले की आपण म्हणतो, चक्कर आली. कानडीत 'तलि तिरगतद'. स्पॅनिशमध्ये डोके चकरा देते: 'मे दा बुएल्तास ला काबेसा'. फिरायची चक्कर आणि भोवळीची चक्कर एकाच शब्दात असणे ही मला आजवर आपलीच खासियत वाटायची.

घरी कुणी नवी भाषा शिकत असेल, मग ती स्पॅनिश असो की जर्मन, तर एक साधा उद्योग सुचवते. वहीत शब्द उतरवू नका, अख्खी बोली उतरवा, आणि शेजारी इंग्रजीच्या जागी घरातल्या दोन्ही भाषा लिहा. देणे हे क्रियापद स्पॅनिशमध्ये वाकडे चालते: मी देतो 'दोय', आपण देतो 'दामोस', मी दिली 'दि'. एकट्या क्रियापदाची घोकंपट्टी कंटाळवाणी होते. 'दामोस उना बुएल्ता?' म्हणजे 'मारायची का एक चक्कर?' हा प्रश्न मात्र एकदा विचारला की विसरत नाही.

बहिणीने कानडी बंद केलेली नाही. आजीचा फोन रात्री आठला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'अड्डाडि बंद्या?' परवा नातवाने उत्तर दिले, "सी, दि उना बुएल्ता." आजी म्हणाली, "याला पुन्हा सर्दी झाली काय गं?"