टॉवर बघा, पण खालची जमीनही बघा!

चारठाण्यात मान वर करून बघायचं म्हणजे आपला जुना दगडी स्तंभ. पण इंटर्नशिपसाठी मुंबईला गेलात, तर लोअर परळला एकदा उतराच. तिथला ‘वर्ल्ड वन’ हा राहण्याचा टॉवर तब्बल 280 मीटर उंच आहे, आणि उभा आहे श्रीनिवास मिलच्या जागेवर.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बऱ्याच गिरण्या पुढे नीट चालल्याच नाहीत. उरली जमीन, तीही भर शहरातली. 1991 च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. ऐकायला एकदम फेअर ना? मग 2001 मध्ये नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त रिकाम्या जमिनीचे. शेडखालची जमीन हिशेबातच नाही. आता सांगा, गिरणीत शेड जास्त असणार की रिकामी जागा? 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हा बदल कायम ठेवला.

कामगारांचे घरासाठी अर्ज आले साधारण दीड लाख. 2012 च्या म्हाडा लॉटरीत घरं होती सात हजारांहून कमी.