ओल सरत जाते तेव्हा

नागभीड, सिंदेवाही, आरमोरीच्या पट्ट्यात धान बांधीत उभे असतानाच, पायाखाली चिखल असतानाच, त्याच्या बुडाशी लाखोळी या कडधान्याचे बी फेकतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. धान कापले जाते तेव्हा खाली रोपे उगवून आलेली असतात, आणि पुढे पाणी न देता दाणा हाती येतो. या पद्धतीला उतेरा म्हणतात. गव्हाला हे साधत नाही. धान निघाल्यावर बांधी आवळते, भेगाळते. मशागत करून गहू पेरेपर्यंत वरची ओल उडून गेलेली असते. गव्हाला एकच पाणी देता येत असेल तर ते 40 ते 42 दिवसांनी द्यावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. सल्ला चोख आहे, पण ज्याच्या बोडीत दिवाळीनंतर पाणीच उरत नाही, त्याच्यासाठी तो नाही. म्हणून या पट्ट्यात दुष्काळाशी झाड कसे झुंजते हे समजून घ्यायचे, तर गव्हाच्या जोडीला लाखोळीकडे पाहावे लागते.

मुळांना ओल कमी पडली की गव्हात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पानांवरची रंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने आत येत असल्यामुळे अन्न तयार होणेही मंदावते. पान गुंडाळले जाते, उशिराचे फुटवे वाळतात, आणि पाते पिवळे पडू लागले की कांडीत साठवलेली साखर उपसून झाड दाणा भरते. दाणा भरतो, पण बारीक. लाखोळीचे पान मुळातच अरुंद, मूळ खोल, आणि मुळांवरच्या गाठींमुळे नत्राची सोय घरचीच. ती ताण सोसते, मात्र पाण्याच्या ताणात तिच्या दाण्यातले ओडॅप वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. हे द्रव्य चेतापेशींना अपाय करते. महिनोन् महिने लाखोळी हेच मुख्य अन्न राहिले, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

या आजाराचे खापर डाळीवर फुटले. 1961 साली अन्नभेसळविरोधी नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. पण लुळेपण कुठे पसरले ते पाहा: मध्य प्रदेशातल्या रेवा भागात, जिथे वेठबिगारांना मजुरीच लाखोळीत मिळत होती. तूर, भात, भाजी यांच्या जोडीला अधूनमधून लाखोळी खाणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी धान जाते, लाखोळी तेवढी उरते. ज्या वर्षी माणूस तिच्यावरच विसंबतो, त्याच वर्षी तिच्यातले ओडॅप वाढलेले असण्याची भीती जास्त. 1961च्या बंदीने यातले काहीच बदलले नाही. पेरा चालू राहिला; विकणाऱ्याला मात्र उघड बाजार उरला नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली. महाराष्ट्राने ती 2008 साली उठवली.

यावर कोणी म्हणेल, विष ते विषच, थोडे काय नि फार काय. आक्षेप हलका नाही. लुळे पडलेले पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्यावर एक उत्तर बियाण्याचे: रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण निघाले आहेत, आणि ते बांधीपर्यंत पोहोचलेच पाहिजेत. पण मधमाश्या शेजारच्या गावठी लाखोळीचे परागकण आणतात, शेतकरी घरचेच बी राखतो, आणि ओल सरली की वाण कोणताही असो, ताण पडतोच. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकले तर ओडॅप बरेच कमी होते. मात्र पाण्याच्या टंचाईत तेही जड जाते. म्हणून कोरड्या वर्षी बांधीतला दाणा तपासायला हवा, आणि त्याच हंगामात रेशनवर तांदळाबरोबर दुसरी डाळ यायला हवी. सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. धानाच्या वाणांइतकेच लक्ष त्याने उतेऱ्याच्या या दाण्याकडे द्यावे.